मेरेरिदचा कोट

१६ मार्च १९५३, सोमवार

आले एकदाची कुमहेलिगला. बस नदीवरच्या पुलाशी सोडते, पुढचा चढ आपल्या पायांनी चढायचा. ट्रंक कशी न्यावी या विवंचनेत होते, तेवढ्यात पोस्टमन जोन्सने ती आपल्या सायकलवर टाकली आणि मला न विचारताच सांगून टाकलं की तुम्ही त्या वाटावाल्या बाई, प्रॉसरबाईंकडे उतरणार, आणि तुम्हाला मटण चालतं. माझ्याआधी माझी बातमी गावात येऊन चहा पिऊन बसली होती.

कामाचं मला अजूनही हसू येतं. काउंटीच्या ऑफिसला खोऱ्यातल्या सगळ्या पायवाटा नकाशावर चढवायच्या आहेत. नवा कायदा झालाय, जी वाट लोक पूर्वापार चालत आले ती लोकांची. म्हणून कुणीतरी प्रत्येक वाट चालून बघायची. कुंपणाला फाटक आहे की चढून जायची लाकडी शिडी, ओढ्यावर फळी आहे का, कोण चालतं, कधीपासून चालतं, सगळं लिहून न्यायचं. चालण्याचा पगार! स्वान्सीला मावशीला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, निदान बूट तरी या वेळी तुझे स्वतःचे असतील. मावशीच्या तीन मुलींचे उतरलेले कपडे घालून मी वाढले, त्याच्यावर तिचा हा विनोद. आई मला आठवतच नाही. मावशी मला जळकी म्हणायची. तेही काही खोटं नव्हतं.

घर दगडी, छोटं, उबदार. ओल्वेन प्रॉसरबाई साठीच्या पुढच्या, विधवा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हात मात्र फार चपळ. चहाबरोबर तव्यावरचे मनुके घातलेले केक दिले, साखर रेशनवर असूनही वरून भुरभुरवली. आवाज इतका मऊ, की मला उगाच वाटलं, ही बाई कुणाला रागावत असेल तर ते ऐकायला सुद्धा बरं वाटेल. तुम्ही दमला असाल, तुम्ही बसा, तुम्हाला दूध जास्त लागतं का. सगळं तुम्ही, तुम्ही.

मला मागची खोली मिळाली आहे. पुढची मोठी खोली, जिच्यातून मोएल डोंगर दिसतो, ती मुलीची आहे म्हणाल्या. मुलगी कुठे आहे ते विचारलं नाही. दाराशी खुंटीवर एक हिरवा लोकरी कोट आहे, तोही तिचाच असावा. जागा छान मिळाली. झोप छान लागेल असं वाटतंय.

१८ मार्च, बुधवार

आज नदीकाठची वाट केली, जुन्या गिरणीपर्यंत. विलोच्या फांद्यांना पिवळी धूळ धरलीये, पाण्यात एक डुबकी पक्षी दगडावरून दगडावर वाकत होता. दोन शिड्या, एक फाटक, फाटक सडलेलं. इतकं सुंदर चालणं स्वान्सीत जन्मभर झालं नाही.

परतताना दुकानवाल्या बेरिलकडे थांबले आणि विचारलं, त्या वाटेचं नाव काय? मेरेरिदची वाट, म्हणाली. बरं. चॅपेलच्या मागून वर जाते ती? तीही मेरेरिदचीच. आणि खाणीवरून येते ती? बेरिलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोरकट प्रश्न विचारलाय. अगं बाई, म्हणाली, या खोऱ्यात वाट म्हटली की मेरेरिद. पाऊस असो, बर्फ असो, रोज चालायची. कुठल्या झाडाखाली कुठलं फूल, कुठल्या बांधात ससा, सगळं तिला ठाऊक. आणि तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या चिखलाच्या वाटेने आलात? ती असती तर त्या वाटेने आलीच नसती.

मेरेरिद म्हणजे आमच्या प्रॉसरबाईंची मुलगी.

नकाशावर मी नदीकाठच्या वाटेला क्रमांक एक असं लिहिलं. चॅपेलच्या वाटेला दोन. नावं लिहायची नसतात असा नियम आहे. नियम नसता तरी मी तेच केलं असतं.

२१ मार्च, शनिवार

कळलं. ऑक्टोबरात गेली ती. सकाळ लख्ख होती म्हणून कोट खुंटीवरच ठेवून नुसत्या कार्डिगनवर मोएलवर चढली. दुपारी धुकं उतरलं. वरच्या पठारावर पीटची दलदल आहे, पीट म्हणजे इथे चुलीत जाळतात ती काळी कुजकी माती, वरून गवत दिसतं. आठवडाभर लोक काठ्यांनी चाचपत होते. सापडली नाही. चॅपेलच्या आवारात नुसता दगड आहे, खाली कुणी नाही.

हे बेरिलने सांगितलं, दुकानात उभं राहून, माझं लोणी कापता कापता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण घरी आले आणि जेवताना प्रॉसरबाईंचा कान दाराकडे लागलेला पाहिला. दाराला त्या कडी लावत नाहीत. मी काही बोलत होते, ओढ्यावरच्या फळीबद्दल, आणि त्यांनी हं हं म्हणत मान दुसरीकडे वळवली. कॉल, म्हणजे इथला मटणाचा रस्सा, इतका चांगला झाला होता, लीकची पात, बटाटे, आणि वाढताना म्हणाल्या, मेरेरिदला यात गाजर जास्त लागायचं. माझ्या ताटात गाजरच गाजर होतं. मला गाजर आवडत नाही.

मी सगळं खाल्लं. वर येऊन रडले आणि मग स्वतःवरच चिडले. तीस वर्षांची बाई झाले मी. एका गेलेल्या मुलीचा हेवा करते आहे. बरं, करते. तिला एवढं मिळालं आणि ती कोट विसरून निघून गेली. मला कुणी तेवढं दिलं असतं तर मी दाराबाहेर पाऊल टाकलं नसतं.

२४ मार्च, मंगळवार

क्रमांक पाच, मोएलच्या अर्ध्या उंचीवर इफोरच्या शेतापर्यंत. इफोर म्हणजे प्रॉसरबाईंचा धाकटा भाऊ, ते शेत म्हणजे त्यांचं माहेर. प्रॉसरबाई नुसत्या इशाऱ्याने दाराशी आलेलं कुत्रं बसवतात, ते या घरातलं शिक्षण असणार.

मेंढ्यांच्या विण्याचे दिवस चालू आहेत. इफोर बाह्या कोपरावर सरकवून गोठ्यात. एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं होतं, ती ओरडत होती. दुसऱ्या एका मेंढीला तिळी झाली होती, तिसऱ्याला दूध पुरत नव्हतं. इफोरने मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, चार पायांना चार भोकं ठेवली, आणि ते त्या पोरक्या कोकराला स्वेटर घालावा तसं घातलं. मग त्याला त्या मेंढीपुढे सोडलं. तिने त्याच्या शेपटीपाशी नाक नेलं. वास घेतला. पुन्हा घेतला. मग घशातून एक आवाज काढला, इतका हळू, इतका आतला. कोकरू तिच्याखाली शिरलं आणि शेपटी हलवत प्यायला लागलं.

इफोर म्हणाला, पोरी, हिचा डोळ्यांवर काडीचा भरवसा नसतो, नाकावर असतो. मी म्हटलं, पण ही तर फसवणूक झाली. तर हसून म्हणाला, कुणाची? तिला पिल्लू मिळालं, त्याला आई मिळाली. मेलेलं काही तक्रार करत नाही.

येताना पूर्ण वाटभर मी त्या आवाजाचाच विचार करत होते.

२५ मार्च, बुधवार

पाऊस. माझा रेनकोट मी मुद्दाम ट्रंकेत ठेवला. हे इथे खरं लिहिते, इथे नाही तर कुठे लिहू. खुंटीवरचा हिरवा कोट काढला, घातला आणि क्रमांक सहा चालून आले. खांद्यांना बरोबर बसतो. कॉलरला पीटच्या धुराचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास आहे, शिवाय कुठल्यातरी साबणाचा.

संध्याकाळी दार ढकलून आत आले. प्रॉसरबाई चुलीपाशी होत्या, पाठमोऱ्या. मी दाराशीच उभी राहिले. त्या वळल्या. त्या डोळ्यांना काय दिसलं असेल, एक हिरवट आकार. जवळ आल्या. माझ्या मानेपाशी वाकल्या आणि श्वास आत घेतला.

मग म्हणाल्या, भिजलीस ना गं? बस चुलीपाशी. तुझे पाय बघू.

भिजलीस. तुझे. माझे मोजे त्यांनी स्वतः काढले आणि पाय आपल्या एप्रनमध्ये घेऊन चोळले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला कुणाची म्हणून लाज वाटली नाही.

२८ मार्च, शनिवार

पुढची खोली माझी झाली! काल सकाळी उठले तर अंथरूण तिथे घातलेलं. बाळ, तू मागे कशाला झोपतेस, म्हणाली, तिथे गारठा असतो. आता मी तिला आई म्हणते. पहिल्यांदा तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा जीभ अडखळली. आता सरावलीये.

खिडकीतून मोएल दिसतो. तो मेरेरिदला दिसायचा तसाच मला दिसतो. ती आता तिथे आणि मी इथे. असं लिहू नये, पण लिहिलं.

कोट दिवसभर अंगावर असतो. क्रमांक सात, आठ, नऊ झाल्या. आजच्या वाटेवर गंमत झाली. मी खोऱ्याच्या या उतारावर, आणि समोरच्या उतारावर, नदीपलीकडे, कुणीतरी चालत होतं. माझ्याच वेगाने. मी शिडीवर चढले तेव्हा ते माणूसही थांबलं. हात हलवला तर त्याने नाही हलवला. बाई होती बहुतेक. उघड्या डोक्याची, अंगात काळसर काहीतरी. गावात मी सोडून अजून कुणाला चालायचा नाद असेल तर मला तो आवडणार नाही, कारण या वाटा आता माझ्या आहेत.

१ एप्रिल, बुधवार

आज ऊन पडलं. वाटलं, आता आठवडा झाला, आता आईला मी कळले असेन. कोट खोलीतल्या खुंटीवर टांगला आणि नुसत्या ब्लाउजवर खाली नाश्त्याला गेले. शुभ प्रभात आई, म्हटलं.

ती थांबली. हातातलं भांडं ठेवलं. म्हणाली, तुम्हाला अंडं कसं लागतं, मिस?

मी जिना चढून, नाही, पळत जाऊन कोट घातला आणि पुन्हा खाली आले. अगं होतीस कुठे, म्हणाली, अंडं गार झालं तुझं.

दुपारी इफोर भेटला शेताच्या बांधावर. कोट बघून त्याचं तोंड बदललं. पोरी, म्हणाला, ओल्वेन या आठवड्यात गाणी म्हणतेय असं कळलं, मला बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. पण आता काढ तो. कातडं तीन-चार दिवसांपुरतंच असतं. तोवर पिल्लाच्या अंगाला आईच्या दुधाचा वास लागतो, मग कातड्याची गरज उरत नाही. मी म्हटलं, अजून नाही लागला मला वास. तर म्हणाला, नाही लागला तर लागणार नाही, दुसरी जागा बघ. आणि न काढलं तर काय होतं हो, मी विचारलं. त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे वर पाहिलं, दलदलीकडे, आणि शिट्टी मारून कुत्र्याला जवळ बोलावलं. कुत्रं आलं नाही. ते पोटावर पडून त्याच दिशेला बघत होतं.

म्हणे दुसरी जागा बघ. सख्खा मामा तो तिचा, तिच्याच बाजूने बोलणार.

५ एप्रिल, ईस्टर

चॅपेलला आईचा हात धरून गेले, कोट घालून. गाणं सुरू होतं ते आम्ही आत शिरताच पहिल्या रांगांतून थोडं ढासळलं आणि मग लोकांनी आवाज चढवून सांभाळून घेतलं. बेरिलने पुस्तकात डोकं घातलं. आई माझ्याशेजारी ताठ बसली होती, अभिमानाने. बाहेर पडताना पास्टरना म्हणाली, आमची मेरेरिद आली हो. पास्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

होय, डोलावली. नाव कुणाचं का असेना, हात तर माझा धरला होता.

बाहेर आवारात तो दगड आहे. त्याच्यापलीकडे भिंतीशी ती उभी होती, समोरच्या उतारावरची. आता नदीच्या या बाजूला. केस चेहऱ्यावर ओले चिकटलेले. कार्डिगन. कार्डिगनचा रंग काळा नव्हे, तो पीटचा काळा आहे. ऊन होतं, सगळे लोक होते, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती लोकांकडे बघत नव्हती. कोटाकडे बघत होती.

बेरिल घाईने माझ्याजवळ आली, कानाशी लागून म्हणाली, काढ गं बाई तो, कुणाला तरी थंडी वाजतेय. मी विचारलं, कुणाला? ती म्हणाली, मी काही बोलले नाही, आणि गेली.

७ एप्रिल, मंगळवार

चालायला गेले नाही. पाऊस नाही तरी कोट आतून ओला आहे. अस्तर पाठीला चिकटतं. रात्री काढायला गेले तर वरचं बटण भोकातून निघेना, म्हणून तसाच घालून झोपले. उशीवर काळा डाग पडला. मातीचा.

खिडकीतून मोएल दिसतो. वाटेवर, क्रमांक पाचच्या शिडीवर, कुणी बसलंय. सकाळपासून.

आई गाणी म्हणते. माझे केस विंचरून दिले. म्हणाली, तुझे केस किती कोरडे झाले गं, आधी असे नव्हते.

९ एप्रिल, गुरुवार

काम संपवून निघून जावं असं मनात आलं. पुलापर्यंत गेले. बस आली. पाय उचलेना. मला घाबरायला झालं म्हणून नव्हे, पायच उचलला नाही, इथली मेंढी कुंपण नसतानाही आपल्या डोंगराची हद्द ओलांडत नाही तसं. ड्रायव्हरने विचारलं, येताय का मिस? मी म्हटलं, पुढच्या वेळी. कोट जड झालाय.

माघारी येताना ती माझ्या मागे होती. वीसेक पावलांवर. वळून पाहिलं नाही. पाय आपटल्याचा आवाज नाही, ओलं कापड पिळल्याचा आवाज येतो.

इफोर दाराशी आला होता. आईने त्याला आत घेतलं नाही. मेरेरिद झोपलीये, म्हणाली.

१० एप्रिल, शुक्रवार

आतलं अस्तर आता कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते ते कळत नाही. बाही वर सरकवायला गेले. दंडापाशी ओढ बसली. रक्त नाही, पण दुखलं, माझं अंग ओढल्यासारखं. माझं अंगच.

ती अंगणाच्या फाटकाशी आहे.

मला एकच सांगायचंय तिला. तुला होती ती. इतकी वर्षं होती. गाजरं होती, पुढची खोली होती, वाटांना तुझं नाव होतं. मला थोडे दिवस. एवढंही बघवत नाही तुला?

मी खिडकी उघडून हे सगळं तिला ओरडून सांगितलं. खाली आईने विचारलं, कुणाशी भांडतेस बाळ?

ती हसली नाही की रडली नाही. तिने स्वतःचे दंड चोळले. गार पडल्यावर चोळतात तसे.

११ एप्रिल, शनिवार

आई दोन वेळा दाराशी गेली. नाक वर करून उभी राहिली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही, वास येतोय.

कसला?

म्हणाली, ओळखीचा. आणि मग मला जवळ घेतलं आणि माझ्या मानेपाशी वास घेतला, आणि — थांबली. पुन्हा घेतला. हात सैल झाले तिचे.

मी म्हटलं, मीच आहे गं. मीच.

ती म्हणाली, हो. पण गाजरं तशीच टाकलीस.

दाराला मी कडी लावलीये.

१२ एप्रिल, रविवार

दुपार. धुकं उतरलंय. मोएल नाही, फाटक नाही, काही दिसत नाही. आई चॅपेलला गेली नाही. मी वर, पुढच्या खोलीत.

दार वाजलं. एकदाच.

आईची पावलं. मी जिन्याच्या वरून ओरडले, उघडू नकोस — तिने कडी काढली. ऐकू आलं कडी काढलेलं.

खाली आई बोलतेय. एकटीचाच आवाज. आलीस गं. किती गार पडलीस. ये. ये आत. मग तो आवाज आला, गोठ्यात ऐकला होता तो, घशातला, हळू. मला तिने कधीच —

मग म्हणाली, मग वर कोण आहे?

—

आई आली होती. आत्ता खाली गेली, म्हणून लिहितेय. दारात उभी राहिली, जवळ आली, वाकली, वास घेतला. सरळ झाली. किती नम्रपणे म्हणाली, अहो मिस, तो कोट आमच्या मुलीचा आहे, तुम्ही देता का काढून?

तुम्ही.

मी म्हटलं, देते. देते हो. घ्या. वरचं बटण तोडलं, दुसरं तोडलं, कडा धरून ओढलं — निघत नाही. तिने स्वतः हात लावून बघितलं, मानेपाशी, काखेत, बोटांनी शिवण चाचपल्यासारखी. राहू द्या, म्हणाली, त्रास करून घेऊ नका तुम्ही.

दुसरी दारात आहे. माझ्याकडे बघतही नाही. खाली फरशीवर पाणी. तिला अजून तू म्हणतात. त्या अवस्थेत, त्या चेहऱ्याला तू —

खाली खण उघडला. दगडावर काहीतरी घासतायत.

मी हाका मारल्या. बेरिल. इफोर. धुक्यात काही जात नाही.

जिन्यावर येतायत. बोलत बोलत येतायत, तोच मऊ आवाज. घाबरू नका हं मिस, माहेरी कोकरांचं हे काम माझंच असायचं, लहानपणापासून. हाताला बरोबर कळतं कुठून सुटं करायचं ते, आतल्याला काही होत नाही, फक्त तुम्ही हलायचं नाही. आणि मेरेरिद, तू अशी ये बाळ, ह्यांचे हात ध